पाठीवरची नक्षी

बहुतेक खुर्च्यांचे मागचे दोन पाय बैठकीपाशी संपत नाहीत. ते तसेच वर चढतात, किंचित मागे कलतात आणि माथ्याशी एका आडव्या पट्टीने जोडले जातात. या दोन उभ्या दांड्यांमध्ये जी मोकळी चौकट उरते ती खुर्चीची पाठ. सुताराला आपली कला दाखवायला साऱ्या खुर्चीत खरी जागा एवढीच. पायांना भार पेलायचा असतो, बैठक माणसाखाली झाकली जाते. पाठ मात्र उभी, नजरेसमोर आणि मोकळी. म्हणूनच खुर्च्यांच्या शैलींना नावे पडली ती पाठीवरून: शिडीपाठ, ढालपाठ, चक्रपाठ, फीतपाठ.

ही जागा जितकी मोहाची तितकीच जोखमीची. माणूस मागे रेलला की पाठ तरफेसारखी वागते आणि सगळा ताण बैठकीच्या मागच्या सांध्यावर येतो. जुनी खुर्ची मोडते ती बहुधा तिथेच. शिवाय लाकूड सगळ्या दिशांनी सारखे बळकट नसते. तंतूंच्या दिशेने ते पुष्कळ ताण सोसते. पण वळण कापताना तंतू आडवे तुटले की तेवढा भाग सुक्या भाकरीसारखा मोडतो. त्यामुळे पाठीवरची नक्षी पाहताना दोन गोष्टी एकदम पाहाव्या लागतात: ती दिसते कशी आणि ती टिकते कशाच्या बळावर. गाजलेल्या शैलींपैकी काही या कसोटीला उतरतात, काही उतरत नाहीत.

चिनी सुतारांनी या बाबतीत जे साधले त्याला तोड नाही. मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४), विशेषतः तिच्या उत्तरार्धात, हुआंगहुआली नावाच्या सोनेरी-तपकिरी, कठीण लाकडाच्या खुर्च्या तिथे घडू लागल्या. त्यांच्या पाठीला मधोमध एकच उभी फळी असते, बैठकीपासून माथ्याच्या पट्टीपर्यंत सलग. समोरून ती सरळ दिसते. बाजूने पाहिली की माणसाच्या कण्यासारखा तिचा बाक लक्षात येतो. अनेक खुर्च्यांत कोरीव काम म्हणजे फळीच्या वरच्या भागात तळहाताएवढे एक पदक. त्यात रुयी या शुभदंडाच्या माथ्याचा ढगासारखा आकार असतो, नाहीतर वेटोळे घातलेला ड्रॅगन. बाकीची फळी कोरी, तिच्यावर फक्त लाकडाच्या अंगच्या रेषा. काही खुर्च्यांत माथ्याच्या पट्टीची आणि हातांची टोके चारी बाजूंनी बाहेर डोकावतात. राजदरबारातल्या अधिकाऱ्याच्या टोपीला असे कान असत, म्हणून या प्रकाराचे नावच ‘अधिकाऱ्याच्या टोपीची खुर्ची’ असे पडले. दुसऱ्या प्रकारात पाठ आणि दोन्ही हात मिळून घोड्याच्या नालेसारखी एकच कमान होते. ही कमान सलग दिसली तरी ती तीन किंवा पाच तुकड्यांची असते आणि ते तुकडे एकमेकांत इतके बेमालूम अडकवलेले असतात की सांधा शोधावा लागतो. खिळा कुठेच नाही. एका लाकडाची कुसू दुसऱ्याच्या खाचेत, एवढ्यावर सारी मदार.

युरोपातल्या सुताराला हा बाक कळायला वेळ लागला. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमधली चांगली खुर्ची म्हणजे ओक लाकडाची जवळजवळ उभी पेटी होती. तिची पाठ म्हणजे चौकटीत बसवलेली जाड फळी, तिच्यावर फुले, कमानी, घराण्याची आद्याक्षरे कोरलेली. टेकून बसले की ती सारी पाठीला रुतत. मग ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आग्नेय आशियातला वेत येऊ लागला. १६६४ च्या सुमारास वेताच्या खुर्च्या इंग्लंडमध्ये वापरात आल्या, असे लंडनच्या वेतखुर्ची बनवणाऱ्यांनीच नंतर नोंदवून ठेवले आहे. लोकरीच्या कापडाचे व्यापारी या खुर्च्यांवर बंदी आणा म्हणत होते, कारण गाद्यांचे कापड खपेना. त्यांना उत्तर देताना कारागिरांनी वेताची बाजू मांडली ती टिकाऊपणा, हलकेपणा आणि धूळ-कसरीपासून मुक्ती या मुद्द्यांवर. या खुर्च्यांच्या पाठी उंच आणि अरुंद असत. कोरीव चौकट बाजूंना गेली आणि मधे जाळी आली. पाठ टेकायला जे मऊ हवे ते मऊ, आणि जे दिसायला हवे ते कडेला, अशी ही पहिली शहाणी वाटणी.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी अ‍ॅनच्या काळात (१७०२ ते १७१४) आणि त्यानंतर चिनी फळी इंग्रजी खुर्चीत उतरली. मधली उभी फळी आता फुलदाणीच्या किंवा व्हायोलिनच्या आकारात कापली जाऊ लागली, बाजूने तोच कण्याचा बाक घेऊन. अशा पाठीला त्या काळी ‘इंडिया’ पाठ म्हणत. पूर्वेकडून आलेल्या कुठल्याही मालाला इंग्रज तेव्हा इंडियाचाच म्हणत, मग तो कँटनचा का असेना. लाकूड अक्रोडाचे. आकार सुंदर, रेषा शांत, आणि फळी भरीव असल्याने मजबुतीची काळजी नाही.

तिला छिद्रे पाडायची हिंमत आली ती लाकूड बदलल्यावर. १७०९ च्या कडक हिवाळ्यात फ्रान्समधली अक्रोडाची झाडे मोठ्या प्रमाणावर मेली आणि १७२० मध्ये फ्रान्सने अक्रोडाच्या निर्यातीवर बंदी घातली. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. जमैकाचे महोगनी लंडनच्या गोदीत उतरू लागले. ते घट्ट, जड, किडीला दाद न देणारे, आणि बारीक कापले तरी धरून राहणारे. अक्रोडाच्या फळीत जे कोरायला सुतार कचरला असता ते महोगनीत करता येऊ लागले. पुढच्या अर्धशतकातली सारी जाळीदार नक्षी या लाकडाच्या जिवावर उभी आहे.

टॉमस चिपेंडेल (१७१८ ते १७७९) हा यॉर्कशायरमधल्या ओटली गावचा. १७५४ मध्ये त्याने लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये कारखाना थाटला आणि त्याच वर्षी ‘द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर’ हे नमुन्यांचे मोठे पुस्तक काढले. वर्गणीदारांत सरदार होते आणि सुतारही. १७६२ च्या तिसऱ्या आवृत्तीत दोनशे पाने चित्रांची होती. चिपेंडेलची खुर्ची म्हणून जगभर जी ओळखली जाते ती मुख्यतः या चित्रांवरून दुसऱ्यांनी घडवलेली. पुस्तकाने शैली पसरवली, कारखान्याने नव्हे.

त्या चित्रांमध्ये पाठीचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात फळी फ्रेंच धर्तीच्या वेलबुट्टीने कापलेली, एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्यांची. दुसऱ्यात गॉथिक चर्चच्या खिडक्यांतल्या टोकदार कमानी. तिसऱ्यात चिनी जाळी: मधली फळी काढून टाकून सारी चौकट आडव्या-तिरक्या काड्यांच्या नक्षीने भरलेली. या सर्वांहून अवघड ती फीतपाठ. तिच्यात लाकडाला रेशमी फितीच्या गाठी, सुरकुत्या आणि लोंबती टोके दिलेली असतात. आपण पाहिलेल्या नमुन्यांत हाच उत्तम, असे चिपेंडेलचे स्वतःचे मत होते. कौशल्याच्या अंगाने ते खरे आहे. पण लाकडाने कापडाचे सोंग घेण्यापेक्षा साध्या गुंफलेल्या पट्ट्यांची पाठ अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात प्रत्येक पट्टी वरून खाली जाते, तंतू सलग राहतात आणि डोळ्याला जे वळण दिसते तेच वजनही वाहते.

घडवण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. खुर्च्या सहा किंवा बाराच्या संचाने विकल्या जात, म्हणून आधी पातळ फळीचा साचा कापत आणि त्यावरून सगळ्या पाठी आखत. बारीक पात्याच्या करवतीने छिद्रे कापली की पटाशीने कडा गोल करायच्या. मागची बाजू बहुधा साधीच सोडत, कारण वापर नसताना त्या काळी खुर्च्या भिंतीला लावून ठेवत. मधली फळी खालच्या टोकाला थेट बैठकीत घुसवत नसत. बैठकीच्या मागच्या पट्टीवर एक छोटी ठोकळी बसवून तिच्या खाचेत फळीचे टोक सरस न लावता सोडत. लाकूड हवेतल्या ओलाव्याने आडवे फुगते आणि आकसते. फळीला हलायला ही जागा नसती तर पहिल्याच कोरड्या मोसमात ती उभी चिरली असती.

जॉर्ज हेपलव्हाइट १७८६ मध्ये वारला. त्याचे पुस्तक त्याच्या पत्नीने, ॲलिसने, १७८८ मध्ये छापले. त्याने स्वतः घडवलेली म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी एकही खुर्ची आज नाही, तरी त्याचे नाव ढालपाठीला कायमचे चिकटले आहे. पुस्तकात खुर्चीची मापे दिली आहेत: पुढची रुंदी २० इंच, बैठकीची खोली १७ इंच, बैठकीची उंची १७ इंच आणि एकूण उंची सुमारे ३ फूट १ इंच. आजही जेवणाच्या टेबलाची खुर्ची याच मापांच्या आसपास असते. पाठी मात्र आज कुणी सहसा करत नाही अशा: ढाल, बदाम, लंबवर्तुळ, आणि आत गव्हाच्या लोंब्या, कलश, झुलत्या कापडाच्या झालरी किंवा वेल्सच्या युवराजाची तीन पिसे.

ढालपाठ ही साऱ्या इंग्रजी पाठींत सर्वांत देखणी. वरची कड अलगद उंचावून खाली येते, बाजू आत वळत टोकाशी मिळतात, आणि मधल्या तीन-चार बारीक पट्ट्या पंख्यासारख्या उलगडतात. पण ती बैठकीला कुठेच टेकत नाही. मागच्या दोन पायांच्या आखूड टोकांवर ती सारी ढाल हवेत तोललेली असते. शिवाय ढालीच्या वळणात जागोजागी तंतू आडवे कापलेले. जुन्या ढालपाठींवर नेमक्या त्या वळणांपाशी जोड दिलेले आढळतात. सौंदर्याला पहिला क्रमांक आणि बळकटीला शेवटचा, असाच निकाल तिच्याबाबत द्यावा लागतो.

स्टॉकटन-ऑन-टीसच्या टॉमस शेरटनने (१७५१ ते १८०६) १७९१ ते १७९४ या काळात आपले पुस्तक हप्त्याहप्त्याने काढले. त्यात चिपेंडेलचे नमुने पार कालबाह्य ठरवले आहेत आणि हेपलव्हाइटच्या खुर्च्यांनाही उतरती कळा लागल्याचे म्हटले आहे; त्या पुस्तकाला तेव्हा पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. शेरटनची पाठ चौकोनी. सरळ उभ्या पट्ट्या, मधे एखादी वीणा किंवा कलश. सुताराच्या दृष्टीने ती ढालीपेक्षा कितीतरी निर्धोक. स्वतः शेरटन गरिबीत मेला. त्याच सुमारास, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या सागरी विजयाच्या आठवणीसाठी माथ्याच्या पट्टीला जहाजाच्या दोराचा पीळ देण्याची टूम निघाली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात फुग्यासारखी गोल, मधे मोकळी पाठ घरोघर गेली.

नमुन्यांची ही पुस्तके लंडनमध्ये निघत असताना बकिंगहॅमशायरच्या जंगलांत वेगळीच खुर्ची घडत होती, आणि पाठीच्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर या सगळ्यांहून हुशार होते. विंडसर खुर्चीत मागचे पाय वर चढतच नाहीत. सारी खुर्ची एका जाड बैठकीत रोवलेली: पाय खालून, पाठ वरून. बैठक एल्मची, कारण एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि इतकी भोके पाडूनही ती फळी फाटत नाही. पाय आणि काड्या बीचच्या, कातावर कातलेल्या. पाठीची कमान ॲश किंवा यू या लाकडाची, वाफेवर मऊ करून साच्याभोवती वाकवलेली. म्हणजे तंतू कुठेही कापला जात नाही, तो स्वतःच वळतो. काडीचे टोक नीट वाळवून किंचित ओलसर बैठकीत ठोकले की पुढे बैठक आकसते आणि काडी आवळली जाते.

या पाठीत मधोमध एक पातळ फळी असते आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिच्यात गाडीच्या चाकाची नक्षी कापू लागले. हीच चक्रपाठ. कुठे चाकाऐवजी तीन पिसे येतात, कुठे गॉथिक कमानी. शहरातल्या फॅशनचे हे खेड्यातले पडसाद, पण इथे फळीवर फारसा भार नाही. तो काड्या आणि कमान वाटून घेतात. त्यामुळे चाक कितीही नाजूक कापले तरी चालते. शोभा आणि बळकटी यांची अशी सोपी सोडवणूक दुसऱ्या कुठल्याही इंग्रजी पाठीत नाही.

चिल्टर्न टेकड्यांतल्या बीचच्या रानात ‘बॉजर’ म्हणवणारे कातारी झोपड्या टाकून राहत. लवचीक खांबाला दोरी बांधून, खालची फळी पायाने दाबत ते ओल्या लाकडाचे पाय कातत आणि हाय विकम गावच्या कारखान्यांना विकत. बैठक खोदणारा निराळा, कमान वाकवणारा निराळा, जोडणारा निराळा. १८७७ च्या सुमारास या गावात दिवसाला ४,७०० खुर्च्या तयार होतात, असा अंदाज त्या वेळी केला गेला होता. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणी गावातून गेली तेव्हा रस्त्यावर खुर्च्यांचीच कमान उभारली होती.

शिडीपाठ याहून जुनी आणि साधी. दोन खांबांमध्ये आडव्या पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. तिला अमेरिकेत शेकर पंथीयांनी शेवटच्या टोकाला नेले. ऐहिक शोभेला त्यांचा विरोध होता, म्हणून कोरीव काम वर्ज्य. उरली ती फक्त प्रमाणे: पट्ट्या किती, त्यांच्यात अंतर किती, वरच्या कडेला बाक किती, खांबांच्या टोकाचा कळीसारखा आकार कसा. न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट लेबनन वस्तीत या खुर्च्या विक्रीसाठी शून्य ते सात अशा क्रमांकांत बनत, शून्य लहान मुलाची आणि सात सर्वांत मोठी. काम झाले की खुर्ची भिंतीवरच्या खुंटीला उलटी टांगत, म्हणजे जमीन झाडता येई आणि बैठकीवर धूळ बसत नसे. आल्प्समधल्या शेतकऱ्यांच्या खुर्चीला तर पट्ट्याही नाहीत: बैठकीत खोचलेली एकच कोरीव फळी, आणि मधे बदामाच्या आकाराचे भोक. बदाम शोभेचा, आणि खुर्ची उचलायला हात घालण्याचाही.

पाठीच्या मूळ प्रश्नाला कारखान्याने दिलेले उत्तर १८५९ मध्ये आले. राइनकाठच्या बोपार्ड गावचा मिखाएल टोनेट (१७९६ ते १८७१) व्हिएन्नात स्थिरावला होता आणि मोराव्हियातल्या बीचच्या जंगलांजवळ त्याचा कारखाना होता. बीचच्या गोल दांड्या वाफवायच्या, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी आवळायची आणि मग वाकवायच्या. पट्टीमुळे बाहेरचे तंतू ताणून तुटत नाहीत, आतले दाबले जातात. त्याच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीत मागचे दोन पाय आणि पाठीची कमान मिळून एकच लांब दांडी आहे. जिथे खुर्च्या मोडत तिथला सांधाच नाहीसा झाला. कमानीच्या आत आणखी एक लहान कमान, बस, एवढीच शोभा. सारी खुर्ची सहा भागांची, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. १९३० पर्यंत अशा ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या.

१८६९ मध्ये पेटंट संपल्यावर इतर कारखानेही तशाच खुर्च्या करू लागले, आणि मध्य युरोपातल्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या जहाजांतून मुंबईत आल्या. धोबीतलावच्या १९०४ सालच्या क्यानीसारख्या इराणी हॉटेलांनी त्यांना संगमरवरी टेबलांभोवती बसवले. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी बनमस्का आणि पानी कम चाय याच पाठींना टेकून घेतला. रोज शेकडो माणसे बसून-उठूनही त्यांतल्या अनेक खुर्च्या शंभर वर्षांनंतर तशाच उभ्या आहेत.

महाराष्ट्रात आणि गोव्यात खुर्ची मुळात पाहुणीच. घरात पाट, चौरंग, बैठकीवर गाद्या आणि लोड-तक्के. टेकायचे ते भिंतीला नाहीतर लोडाला. खुर्ची हा शब्दही अरबी ‘कुर्सी’वरून आलेला. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले आणि तिथल्या सुतारांच्या हाती युरोपी खुर्चीचे नमुने पडले. पोर्तुगालमध्ये शैलींना राजांची नावे देतात. दों जुझे राजाच्या काळातली (१७५० ते १७७७) पाठ चिपेंडेलची जवळची नातलग आहे. गोव्याच्या घरांत हे आकार शिसवीत आणि सागवानात आले, पण गाद्यांच्या जागी बैठकीला आणि पाठीला वेताची जाळी विणून, कारण दमट उकाड्यात कापडी गादी टिकतही नाही आणि सोसवतही नाही. चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात कुलचिन्ह कोरलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या पोर्तुगालचा राजा दों लुईश याची भेट म्हणून दाखवतात. व्हरांड्यातली लांब हातांची, मागे कललेली वेताची आरामखुर्ची मात्र कोकणपट्टीभर सारखीच घरची झाली.

मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी फर्निचरचा मोठा व्यवसाय उभा राहिला. आकार व्हिक्टोरियन, हात देशी. खुर्चीची पाठ म्हणजे आरपार कोरलेली वेलबुट्टी, पाने, फुले, पक्षी. जुन्या पारशी घरांत आणि संस्थांच्या सभागृहांत ही कामे अजून पाहायला मिळतात. शिसवाची घनता महोगनीला मागे टाकणारी असल्याने इतकी जाळी पाडूनही पाठ ढासळत नाही. टेकून बसायला मात्र अशी पाठ सुखाची नाही. कोरीव पान मणक्याला टोचते. कोरणाऱ्याचा हात पाहून मान लवते, तरी तासभर बसायचे तर त्याच काळातली साधी वेताची पाठ बरी.

ती वेताची पाठ विणायची रीत तीनशे वर्षांत फारशी बदललेली नाही. चौकटीच्या कडेने सारख्या अंतरावर भोके असतात. वेताच्या सालीच्या अरुंद फिती भिजवून आधी उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या ओढतात आणि शेवटी दोन तिरक्या फेऱ्या घालतात. सहा फेऱ्यांनंतर अष्टकोनी छिद्रांची ती ओळखीची जाळी तयार होते. वेत वाळला की ती ढोलकाच्या पानासारखी ताणली जाते. हे काम बोटांच्या अंदाजावर चालते, आणि आपल्याकडच्या अंधशाळांनी ते आपल्या विद्यार्थ्यांना दीर्घकाळ शिकवले आहे. घरात अशी जुनी खुर्ची असेल आणि पाठीचा वेत तुटला असेल तर तिच्यावर प्लायवूड ठोकू नये. खिळ्यांनी चौकटीच्या कडेची भोके फुटतात, आणि एकदा ती फुटली की ती पाठ पुन्हा विणता येत नाही. वेत विणणारे कारागीर अजून आहेत. खुर्ची त्यांच्याकडे न्यावी.